शिकाऊ उमेदवारी आणि स्थानिक मनुष्यबळ विकास : एका दुर्लक्षित कार्यक्षेत्राचा परिचय

गोषवारा

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा देशातील कौशल्य प्रशिक्षणाचा एक जुना आणि महत्त्वाचा आधार आहे. २०१४ च्या दुरुस्तीने हा कायदा कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही लागू झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कार्यप्रशिक्षण हा पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा घटक बनला. त्यामुळे महाविद्यालय, आस्थापना आणि विद्यार्थी यांना जोडणाऱ्या व्यक्तीची गरज निर्माण झाली आहे. प्रस्तुत लेखात या कायद्याची वाटचाल, योजनेची रचना, त्यात काम करणाऱ्या व्यक्तीचे कार्य, त्यासाठी लागणारी पात्रता आणि या कामातील कसोटीचे प्रश्न यांचा परिचय करून दिला आहे. शेवटी महाविद्यालयीन अध्यापकांच्या भूमिकेविषयी काही सूचना मांडल्या आहेत.

बीजशब्द : शिकाऊ उमेदवारी, विद्यावेतन, आस्थापना, कार्यप्रशिक्षण, स्थानिक मनुष्यबळ विकास.

१. प्रस्तावना

मराठीत 'उमेदवारी' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. निवडणुकीतील उमेदवारी आज सर्वांच्या परिचयाची आहे. तथापि 'अमुक वकिलांकडे दोन वर्षे उमेदवारी केली' किंवा 'छापखान्यात उमेदवारी करून जुळारी झाला' अशी वाक्ये मागील पिढीच्या बोलण्यात सहज येत असत. फारसीतून आलेल्या 'उमेद' या शब्दाचा अर्थ आशा असा आहे. आज पदरी काही पडत नसले तरी उद्या हाताला काम मिळेल, या आशेवर जो राबतो तो उमेदवार. या एका शब्दात शिकणे, राबणे आणि वाट पाहणे या तिन्ही गोष्टी सामावलेल्या आहेत.

यांपैकी शिकण्याचा भाग किती, राबण्याचा किती आणि वाट पाहण्याचा किती, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. हे प्रमाण योग्य ठेवणे ही कायद्याची जबाबदारी आहेच. परंतु प्रत्यक्षात ते राखले जाते की नाही, हे जिल्हा पातळीवर काम करणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. प्रशिक्षण अधिकारी, समन्वयक, निदेशक, सल्लागार अशा निरनिराळ्या नावांनी ही माणसे काम करतात. आपल्या विद्यार्थ्यांना आपण शिक्षक, बँक कर्मचारी, पोलीस, तलाठी होण्याचे मार्ग सांगतो. मात्र इतरांना कामाला लावण्याचे काम हेही एक कार्यक्षेत्र आहे, हे क्वचितच सांगतो. या कार्यक्षेत्राचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

स्थानिक मनुष्यबळ विकास म्हणजे एखाद्या विशिष्ट परिसरातील उद्योग, सेवा व शेती यांना लागणारे कौशल्य आणि त्या परिसरातील तरुणांची क्षमता यांचा मेळ घालण्याचे नियोजित प्रयत्न. येथे 'स्थानिक' हा शब्द महत्त्वाचा आहे. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांना लागणारा कारागीर, इचलकरंजीच्या यंत्रमागांना लागणारा कारागीर आणि वाळूजच्या वाहन उद्योगाला लागणारा कारागीर हे तिन्ही वेगवेगळे आहेत. राज्यस्तरावर काढलेल्या एका परिपत्रकाने या तिघांची गरज सारखीच भागत नाही.

शिकाऊ उमेदवारी ही या प्रयत्नांतील एक निश्चित स्वरूपाची व्यवस्था आहे. तिच्यात नियोक्ता आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, त्या कराराची नोंदणी होते, ठरलेल्या कालावधीत ठरलेला अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी शिकवला जातो आणि त्या काळात किमान विद्यावेतन द्यावे लागते. आंतरवासिता ही संज्ञा अधिक सैल आहे. तिच्यात विद्यावेतन असेलच असे नाही आणि शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील कराराचे संरक्षणही नसते. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधर व पदव्युत्तरांना १०,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. केंद्र शासनानेही २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. या योजना उपयुक्त असल्या तरी त्यांना १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी समजणे योग्य नाही. विद्यार्थ्याला मार्गदर्शन करताना हा भेद स्पष्ट असणे आवश्यक आहे, कारण हक्क आणि प्रमाणपत्र या दोन्ही बाबतींत त्याचे परिणाम वेगळे होतात.

३. कायद्याची वाटचाल

या विषयावरील पहिला कायदा १८५० चा. अनाथ आणि दानधर्मावर वाढणाऱ्या गरीब मुलांना एखादा धंदा शिकता यावा, यासाठी त्यांना करारान्वये कारागिराकडे ठेवण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे आरंभी शिकाऊ उमेदवारीकडे निराधारांची सोय म्हणून पाहिले गेले. 'जो शाळेत टिकला नाही तो कारखान्यात गेला' ही आपल्या समाजात आजही आढळणारी भावना त्या जुन्या दृष्टीशी मिळतीजुळती आहे.

स्वातंत्र्यानंतर औद्योगिकीकरणाचा वेग वाढला आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ संमत झाला. तो १ मार्च १९६२ रोजी अंमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. एकीकडे औद्योगिक वसाहतींची पायाभरणी होत होती आणि दुसरीकडे तेथे लागणाऱ्या कारागिरांच्या प्रशिक्षणाला कायद्याचा आधार मिळत होता. आरंभी हा कायदा मुख्यतः जोडारी, कातारी, वीजतंत्री, संधाता अशा निर्दिष्ट व्यवसायांपुरता होता. (कारखान्यात या व्यवसायांना फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असेच म्हणतात, मराठी संज्ञा प्रमाणपत्रावर आणि आयटीआयच्या पाटीवर भेटतात.) १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक, तर १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसाय अभ्यासक्रमाचे विद्यार्थी या कायद्याच्या कक्षेत आले.

महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा टप्पा २०१४ चा होय. डिसेंबर २०१४ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवार होता येऊ लागले. नियोक्त्यांना स्वतःच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम आखता येतील असे 'वैकल्पिक व्यवसाय' मान्य झाले. कायद्याच्या भंगाबद्दलची कारावासाची तरतूद जाऊन तिच्या जागी दंड आला. यानंतर २०१९ मध्ये नियमांत सुधारणा झाली. तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि चार ते एकोणतीस मनुष्यबळाच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवण्यात आले.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी साखर कारखाना, दूध संघ किंवा खासगी रुग्णालय आहे आणि तेथे कायम व कंत्राटी मिळून २०० माणसे काम करतात, असे समजू. अशा आस्थापनेने किमान ५ आणि कमाल ३० शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा या नियमाचा अर्थ होतो. आपल्या महाविद्यालयाच्या परिघातील अशा आस्थापनांची यादी करून ही आकडेमोड केली, तर उपलब्ध होऊ शकणाऱ्या जागांचा अंदाज कोणत्याही अध्यापकाला एका दुपारी बांधता येईल.

४. योजनांची रचना व खर्चाची विभागणी

सध्या या कायद्याच्या आधारे दोन प्रमुख केंद्रीय योजना राबवल्या जातात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे असून तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल दरमहा १,५०० रुपये, केंद्र शासन उचलते. दुसरी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना शिक्षण मंत्रालयाकडे आहे. ती पदवीधर व पदविकाधारकांसाठी असून तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग शासन देते. या योजनेसाठी मुंबई, चेन्नई, कानपूर व कोलकाता येथे चार प्रादेशिक मंडळे आहेत. महाराष्ट्र व गोवा ही राज्ये मुंबईच्या मंडळाच्या कक्षेत येतात.

२०१९ च्या नियमांनी पाचवी ते नववी उत्तीर्णांसाठी ५,००० रुपयांपासून पदवीधरांसाठी ९,००० रुपयांपर्यंत किमान मासिक विद्यावेतन ठरवले. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी त्यात वाढ करण्याचीही तरतूद आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने या दरांत ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली. २०१९ चा दर धरला तर पदवीधर उमेदवारावर नियोक्त्याचा दरमहा प्रत्यक्ष भार ४,५०० रुपये होता, उरलेला निम्मा शासनाचा. नियोक्त्यांना ही बाब अनेकदा ठाऊक नसते. त्यांना ती समजावून सांगणे हाच या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीच्या कामाचा आरंभ असतो.

राज्य पातळीवर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय हे निर्दिष्ट व्यवसायांतील शिकाऊ उमेदवारीची अंमलबजावणी पाहते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत न शिकलेल्या नव्या उमेदवाराला प्रथम मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते. त्यासाठी आणि कारखान्यातील कामाला पूरक अशा सैद्धांतिक शिक्षणासाठी स्वतंत्र केंद्रे आहेत. प्रशिक्षण पूर्ण केल्यावर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि उत्तीर्ण उमेदवारास राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. मध्य रेल्वेची परळ व माटुंगा येथील कर्मशाळा, राज्य परिवहन महामंडळाच्या विभागीय कार्यशाळा आणि महावितरण ही राज्यातील शिकाऊ उमेदवारीची जुनी व परिचित ठिकाणे आहेत.

५. कार्यक्षेत्राचे स्वरूप

या व्यवस्थेत काम करणाऱ्या व्यक्ती ढोबळमानाने पाच ठिकाणी आढळतात.

पहिले ठिकाण म्हणजे शासकीय यंत्रणा. शिल्प निदेशक, गटनिदेशक, प्राचार्य आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराचे कार्यालय हे तिचे स्तर होत. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे याच यंत्रणेच्या जवळची आहेत. दुसरे ठिकाण आस्थापनांचा प्रशिक्षण विभाग. मोठ्या कारखान्यांत प्रशिक्षण अधिकारी असतो. लहान आस्थापनांत मनुष्यबळ विभागातील एखादी व्यक्ती हेच काम इतर कामांसोबत करते. तिसरे ठिकाण त्रयस्थ समूहकांचे. अनेक लहान उद्योगांच्या वतीने उमेदवार शोधणे, करार नोंदवणे आणि नोंदी ठेवणे ही कामे हे समूहक करतात. चौथे ठिकाण स्वयंसेवी संस्थांचे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने 'काम करता करता शिक्षण' हे सूत्र ग्रामीण शाळांपर्यंत नेले. शिकाऊ उमेदवार अधिनियमाशी त्याचा थेट संबंध नसला तरी स्थानिक गरजेवर आधारलेल्या कौशल्यशिक्षणाचा तो मराठी मुलखातील एक मोलाचा प्रयोग आहे. पाचवे ठिकाण खुद्द महाविद्यालयांचे, म्हणजे प्रशिक्षण व रोजगार कक्षाचे. बहुतेक बिगर-अभियांत्रिकी महाविद्यालयांत या कक्षाचे काम एखाद्या अध्यापकाकडे अतिरिक्त जबाबदारी म्हणून सोपवलेले असते.

जर्मनीची तुलना येथे उद्बोधक ठरेल. तेथील व्यवसाय प्रशिक्षण कायदा १९६९ चा आहे. उमेदवार आठवड्यातील काही दिवस आस्थापनेत आणि उरलेले व्यवसाय शाळेत शिकतो. परीक्षा उद्योग व कारागिरांच्या मंडळांमार्फत घेतल्या जातात. विशेष म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या आस्थापनांना व उमेदवारांना साहाय्य करण्यासाठी प्रशिक्षण सल्लागार नेमणे या मंडळांना कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे कायद्यात सल्लागाराचे पद आहे. परंतु कोपऱ्यावरच्या गॅरेजपासून रुग्णालयापर्यंत पोहोचणारा, उद्योगजगताचाच भाग असलेला असा सल्लागारवर्ग त्या प्रमाणात उभा राहिलेला नाही. या उणिवेतच या कार्यक्षेत्राच्या वाढीची शक्यता आहे.

६. कामाचे टप्पे

या क्षेत्रातील व्यक्ती नेमके काय करते, हे पुढील टप्प्यांवरून समजेल.

(अ) सर्वेक्षण : परिसरातील आस्थापनांची यादी करणे, त्यांचे मनुष्यबळ, तेथील कामांचे प्रकार आणि प्रशिक्षण देऊ शकणाऱ्या अनुभवी कारागिरांची संख्या नोंदवणे. येथे कागदापेक्षा पायपीट अधिक उपयोगी पडते.

(आ) मन वळवणे : 'शिकवून तयार करायचे आणि तो दुसरीकडे जायचा' ही नियोक्त्याची नेहमीची तक्रार असते. तिला उत्तर द्यावे लागते. शिकाऊ उमेदवार वर्षभर कामाच्या ठिकाणी दिसतो. त्याचा वक्तशीरपणा, हात आणि स्वभाव समजतो. एका मुलाखतीतून हे कळत नाही, हा मुद्दा बहुधा पटतो.

(इ) निवड व करार : उमेदवार निवडताना अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी कायद्यात असलेल्या आरक्षणाचे भान ठेवावे लागते. करार पोर्टलवर नोंदवला जातो. उमेदवाराने करार वाचून, समजून सही करावी, हे पाहणे समन्वयकाचे काम आहे.

(ई) प्रशिक्षणाचा आराखडा : कोणत्या महिन्यात कोणते काम शिकवले जाईल, कोणाच्या देखरेखीखाली आणि त्याची नोंद कशी होईल, हे लेखी ठरवावे लागते. हा आराखडा नसेल तर वाणिज्य पदवीधर वर्षभर पावत्यांच्या फायली लावत राहतो आणि त्यालाच प्रशिक्षण म्हटले जाते.

(उ) पाठपुरावा : नियमांप्रमाणे विद्यावेतन पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. ते मिळाले का, नोंदवही भरली जाते का, अपघात वा तक्रार झाली का, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष भेटी आवश्यक असतात.

(ऊ) परीक्षा व पुढील मार्ग : मूल्यमापन, प्रमाणपत्र आणि त्यानंतर नोकरी, स्वयंरोजगार वा उच्च शिक्षण यांसाठी मार्गदर्शन.

७. आवश्यक पात्रता

शिल्प निदेशक होण्यासाठी संबंधित व्यवसायातील प्रमाणपत्र, पदविका वा पदवी लागते. त्यासोबत निदेशकांसाठी असलेला शिल्प निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम उपयोगी ठरतो. मुंबईत चुनाभट्टी येथील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत असे प्रशिक्षण मिळते. आस्थापनांतील वा संस्थांतील समन्वयाच्या कामासाठी समाजकार्य, मनुष्यबळ व्यवस्थापन, कामगार कायदे, अर्थशास्त्र वा मानसशास्त्र यांतील पदवी उपयुक्त असते. १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था, परळ येथील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची राज्य शासनाची श्रमविषयक संस्था आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था येथील शिक्षणाचा या क्षेत्राशी निकटचा संबंध आहे. अलीकडे राज्यात स्थापन झालेले आणि २०२४ मध्ये रतन टाटा यांचे नाव दिले गेलेले महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठ हीही या दिशेची भर आहे.

पदवीइतकेच काही गुणही लागतात. या व्यक्तीला तीन ठिकाणच्या भाषा याव्या लागतात. कारखान्यातील मिस्त्रीशी त्याच्या कामाच्या शब्दांत बोलता आले पाहिजे. महाविद्यालयात श्रेयांक आणि मूल्यमापन यांच्या परिभाषेत मांडणी करता आली पाहिजे. आणि विद्यार्थ्याच्या घरी जाऊन 'मुलीला दुसऱ्या पाळीला पाठवायचे की नाही' या प्रश्नावर तिच्या आईवडिलांशी आपुलकीने बोलता आले पाहिजे. यांपैकी एक भाषा कच्ची राहिली तरी योजना कागदावर राहते.

८. कसोटीचे प्रश्न

या कामातील सर्वांत अवघड प्रश्न असा : शिकाऊ उमेदवार हा विद्यार्थी की स्वस्त मजूर? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. कलम १८ नुसार तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणूनच कामगारविषयक कायदे त्याला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत. ही तरतूद दुधारी आहे. तिच्यामुळे नियोक्ता निर्धास्तपणे प्रशिक्षण देऊ शकतो. परंतु तिचाच आडोसा घेऊन कायम माणसाच्या जागी उमेदवार राबवला जाण्याचा धोकाही निर्माण होतो.

कायद्याने या धोक्याविरुद्ध काही कुंपणे घातली आहेत. उमेदवाराला नगावर मोबदला देता येत नाही आणि त्याला उत्पादनावर आधारलेल्या बोनस योजनेत सामील करून घेता येत नाही. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मान्यतेवाचून त्याच्याकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही. पूरक शिक्षणासाठी दिलेला वेळ हा सवेतन कालावधीचाच भाग समजला जातो. प्रशिक्षणाच्या वेळी अपघात झाल्यास भरपाईचे दायित्व नियोक्त्यावर असते. वाद निर्माण झाल्यास तो सल्लागाराकडे जातो आणि त्याच्या निर्णयावर अपील करता येते. या तरतुदींमागील विचार एकच आहे : ज्याच्या कामाचे मोजमाप नगांनी होते तो मजूर; ज्याच्या कामाचे मोजमाप तो काय शिकला यावरून होते तो उमेदवार. परंतु उमेदवाराला या तरतुदी माहीत नसतील आणि त्याला भेटायला कोणी येत नसेल, तर ही कुंपणे असून नसल्यासारखीच.

दुसरा प्रश्न नोकरीचा. प्रशिक्षणानंतर नोकरी देणे नियोक्त्यावर बंधनकारक नाही. २०१४ नंतर त्याने याबाबत स्वतःचे धोरण ठरवावे, एवढीच अपेक्षा कायदा करतो. उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवारास प्राधान्य द्यावे, असे म्हटले. रेल्वेच्या प्रथम स्तरावरील भरतीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या शिकाऊ उमेदवारांसाठी २० टक्के जागा ठेवल्या जातात. तथापि प्राधान्य म्हणजे हमी नव्हे. विद्यार्थ्याला हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले पाहिजे. खोटी आशा दाखवून भरलेली जागा नंतर दोघांनाही महाग पडते.

तिसरा प्रश्न विद्यावेतन आणि जगण्याचा खर्च यांतील अंतराचा. घरी राहून प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला जी रक्कम आधार वाटते, तीच रक्कम खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास करावा लागणाऱ्या विद्यार्थ्याला अपुरी पडते. प्रशिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांना 'चिकाटी नाही' असे म्हणणे सोपे आहे. पण पहिल्या दोन महिन्यांचे भाडे कोठून भरायचे, हा त्यांचा प्रश्न खरा असतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत पाळीची वेळ, परतीची एस.टी. आणि कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह या बाबी निर्णायक ठरतात. स्थानिक पातळीवरील समन्वयाचे महत्त्व येथे दिसते. शंभर किलोमीटरवरच्या मोठ्या नावापेक्षा दहा किलोमीटरवरची चांगली आस्थापना अनेकदा अधिक हिताची ठरते.

९. महाविद्यालयांची भूमिका

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये शिकाऊ उमेदवारी व आंतरवासिता यांचा समावेश असलेल्या पदवी अभ्यासक्रमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवारीयुक्त पदवीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे शिकाऊ उमेदवारीसाठी ठेवता येतात. राज्यात नव्या श्रेयांक रचनेमुळे कार्यप्रशिक्षण हा अभ्यासक्रमाचा घटक झालेला आहे.

याचा प्रत्यक्ष परिणाम आपण सर्व पाहत आहोत. शेकडो विद्यार्थ्यांना एकाच वेळी आस्थापना शोधावी लागते. ओळखीच्या दुकानातून, सेवा केंद्रातून वा नातेवाइकाच्या कार्यालयातून शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणले जाते. आपण त्यावर सही करतो आणि श्रेयांक जमा होतात. यात विद्यार्थ्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही, कारण त्याच्यासाठी दुसरी वाट आपण तयार केलेली नसते. परंतु अशा प्रत्येक सहीबरोबर प्रमाणपत्राचे मोल थोडे कमी होते आणि ज्याने खरोखर उमेदवारी केली त्याच्यावरही अन्याय होतो. हा प्रश्न प्रशासकीय नसून शैक्षणिक सचोटीचा आहे. प्रयोगशाळेत न केलेल्या प्रयोगाची नोंदवही आपण तपासून देत नाही. मग न केलेल्या कामाच्या नोंदवहीला वेगळा न्याय का असावा?

या दृष्टीने पुढील सूचना विचारार्थ मांडता येतील.

(१) प्रत्येक महाविद्यालयाने पंधरा-वीस किलोमीटर परिसरातील आस्थापनांची नोंदवही तयार करावी व ती दरवर्षी अद्ययावत करावी. अर्थशास्त्र, वाणिज्य व भूगोल विभागांच्या विद्यार्थ्यांना हे सर्वेक्षण प्रकल्प म्हणून देता येईल.

(२) कार्यप्रशिक्षण समन्वयकाचे काम अतिरिक्त जबाबदारी न मानता त्याचा कार्यभारात विचार व्हावा. एका अध्यापकाकडे प्रत्यक्ष भेटी देता येतील इतकेच विद्यार्थी असावेत.

(३) अनुभवी कारागीर, लेखापाल, परिचारिका, दुकानदार यांना मूल्यमापनात मानाचे स्थान द्यावे. वीस वर्षे लेथवर उभ्या असलेल्या माणसाचा शेरा हा आपल्या तोंडी परीक्षेइतकाच अर्थपूर्ण असतो.

(४) विद्यार्थ्याला आस्थापनेत पाठवण्यापूर्वी त्याचे हक्क व कर्तव्ये यांची एक पानाची मराठी माहितीपत्रिका द्यावी आणि तिचे वर्गात वाचन करावे.

(५) जेथे शक्य असेल तेथे अनौपचारिक आंतरवासितेऐवजी नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारीचा आग्रह धरावा, कारण तिच्यात विद्यावेतन, भरपाई व तक्रारनिवारण या तिन्हींना कायद्याचा आधार आहे.

(६) समाजकार्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र व वाणिज्य या विषयांच्या पदवीधरांना या कार्यक्षेत्राची माहिती करिअर मार्गदर्शनात द्यावी.

१०. निष्कर्ष

शिकाऊ उमेदवारीचा कायदा सहा दशकांहून अधिक काळ अस्तित्वात आहे. निधी, पोर्टल आणि मार्गदर्शक तत्त्वे यांचीही वानवा नाही. जी उणीव आहे ती आस्थापनेच्या दारापर्यंत जाणाऱ्या, करार वाचून दाखवणाऱ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा चौकशीला येणाऱ्या माणसाची. हे काम फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नाही. त्याचे यश दुसऱ्याच्या नियुक्तिपत्रावर लिहिलेले असते. तथापि ज्या तालुक्यात असे एखादे माणूस निष्ठेने काम करते, तेथे पदवी आणि रोजगार यांतील अंतर कमी होण्याची शक्यता निश्चितच वाढते.

उमेदवार हा शब्द उमेदीपासून आला आहे. ती उमेद टिकवण्याची जबाबदारी केवळ शासनाची वा उद्योगाची नाही. विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर ज्या अध्यापकाची सही असते, त्याचीही ती आहे. ती सही करण्यापूर्वी एकदा त्या आस्थापनेत जाऊन येणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.